आगोटीची (पावसाआधीची) कामं: कौलं परतायची, की एकदाचा पत्रा घालून मोकळं व्हायचं?

पडवीकर | ३ मे, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी,

आमचं गावचं घर देवगड तालुक्यात आहे. चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंती, मंगळुरी कौलं, पुढे पडवी, मागे न्हाणीघर आणि विहीर. आजोबांनी बांधलेलं. आता वर्षातले अकरा महिने कुलूप. मे महिन्यात आठवडाभर आणि गणपतीत पाच दिवस उघडतं, तेवढंच.

पूर्वी एप्रिल संपता संपता बाबा आणि दोन गडी मिळून सगळं छप्पर परतायचे, म्हणजे कौलं काढून, फुटकी बदलून परत लावायचे. गावात अजून 'नळे परतणं'च म्हणतात, नळे (जुनी अर्धगोल कौलं) जाऊन मंगळुरी कौलं आली त्याला जमाना झाला तरी. आता बाबा नाहीत आणि छपरावर चढणारं माणूस मिळत नाही. आमच्या वाडीत एकच सुतारकाका उरलेत, वय अडुसष्ट. त्यांना वर चढवायचं म्हणजे माझाच जीव खालीवर होतो.

त्यात वानर. एक टोळी आंब्यावरून उडी मारते ती थेट पडवीवर. गेल्या वर्षी गणपतीला गेलो तर माजघरात, नेमकं आजीच्या पलंगावर, पाणी साचलेलं. गादी गेली ती गेलीच.

चुलतभाऊ म्हणतो कौलं उतरव, पत्रा घाल, वीस वर्षं बघायला नको. आई म्हणते, पत्र्याखाली मी झोपणार नाही. १४ मेला निघतोय, हातात पाच दिवस. काय करू? आणि हा धागा निघालाच आहे तर पावसाआधीची बाकीची कामंही लिहा. देशावरच्यांनीही लिहा, तुमचीही घरं गळत असतीलच की.

---

वानरसेना_नको | ३ मे, रात्री ११:१५

दापोलीहून लिहितेय. वानरांसाठी सहानुभूती. आमच्याकडे दर वर्षी पन्नासेक कौलं बदलावी लागतात. मीही पत्र्याच्या बाजूची होते, ३ जून २०२० पर्यंत. निसर्ग वादळाच्या दिवशी शेजाऱ्यांच्या छपराचे पत्रे पतंगासारखे गेले, त्यातला एक आमच्या सुपारीत आडवा सापडला. आमच्या घरावर फणसाची फांदी पडली, शे-सव्वाशे कौलं फुटली, पण छप्पर जाग्यावर होतं. नंतर कौलं मिळवताना मात्र तोंडाला फेस आला. सगळ्या तालुक्यालाच एकदम हवी होती.

तेव्हा कौलं ठेवलीत तर शंभरेक जादा आणून मागच्या पडवीत रचून ठेवा. जुन्याच मापाची. कारखाना बदलला की खाच जुळत नाही, आणि मग सांध्यातून पाणी येतं.

---

चुनखडी | ४ मे, सकाळी ७:०५

पडवीकर, पत्रा की कौल हा प्रश्न नंतरचा. आधी पाणी कुठून येतंय ते शोधा. माझी उभी हयात साइटवर गेली. गळणाऱ्या घरांत मला सगळ्यात जास्त भेटलेली चूक एकच, पाणी जिथे टपकतं तिथलं कौल बदलायचं. पाणी आढ्यापाशी, म्हणजे छपराच्या माथ्याशी, शिरतं, वाशाच्या अंगानं पाच-सहा फूट घरंगळत येतं आणि वाशाला गाठ किंवा सांधा आला की तिथे टपकतं. तुमच्या आजींच्या पलंगावरचं कौल बहुधा निर्दोष असेल.

शोधायची साधी रीत. भर दुपारी दारंखिडक्या लावून घरात अंधार करा. पाच मिनिटं थांबा, डोळे सरावू द्या. मग वर बघा. जिथे कौल सरकलंय किंवा तडकलंय तिथे उन्हाचा ठिपका दिसेल. लगेच जवळच्या वाशावर खडूनं खूण करा, ऊन सरकलं की ठिपका हरवतो.

पण सगळ्या फटी सरळ नसतात, काहींतून उजेड येत नाही आणि पाणी येतं. त्यासाठी पाइप. सुरुवात खालून, पागोळीच्या ओळीपासून. एका ओळीवर दहा मिनिटं पाणी सोडायचं, एक माणूस आत विजेरी घेऊन बसलेला. काही आलं नाही तर वरची ओळ. लोक हौसेनं आढ्यावरून पाणी सोडतात, मग सगळं छप्पर एकदम भिजतं आणि कळत काहीच नाही.

मी पैज लावायला तयार आहे की दोन ठिकाणं सापडतील. एक, आढ्यावरचे कोने, म्हणजे माथ्यावर बसणारी टोपीसारखी कौलं. त्यांच्याखालचा सांधा भरायचा मसाला उन्हानं तडकतो. तो खरवडून पूर्ण काढायचा, पाणी मारायचं, मग नवा भरायचा. जुन्यावर सिमेंट फासलं तर एका पावसात सुटतं. दोन, पडवीचं छप्पर मुख्य भिंतीला टेकतं तो सांधा.

लाकूडही बघा. स्क्रूड्रायव्हर घेऊन वाशांच्या टोकांना आणि भालाचा (आडव्या तुळईचा) जो भाग भिंतीत जातो तिथे टोचा. लाकडानं दाद दिली नाही तर उत्तम, केकसारखा आत गेला तर तो वासा आधी बदला. ओलं मंगळुरी कौल अडीच-तीन किलोचं, चौरस मीटरला साधारण पंधरा बसतात. हिशोब करा, डोक्यावर किती वजन आहे ते.

पाण्याचाही हिशोब सांगतो. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर. हजार चौरस फुटांचं छप्पर म्हणजे ९३ चौरस मीटर. तुमच्याकडे मोसमात तीन हजार मिलिमीटर धरला तरी पावणेतीन लाख लिटरच्या वर पाणी त्या छपरावरून उतरतं. दहा हजार लिटरचे अठ्ठावीस टँकर. ते जोत्याशी पडतं की लांब जातं, यावर भिंतीचं भवितव्य. पागोळीखाली चर काढा, उतार घरापासून बाहेर द्या. या कामाला फावडं पुरतं, माणूस शोधावा लागत नाही.

---

पडवीकर | ४ मे, सकाळी ९:२०

चुनखडी काका, दंडवत. गंमत म्हणजे सुतारकाकांना काल रात्री फोन केला तर तेही हेच म्हणाले, "पाणी खयसून येता ता आधी बघ, मगे कौल बदल." आणि मी मनात म्हटलं होतं, म्हातारा टाळतोय.

पत्र्याबद्दल काहीच बोलला नाहीत.

---

चुनखडी | ४ मे, सकाळी ९:५०

मुद्दाम नाही बोललो. घालायचाच असेल तर कौलं न उतरवता, वर वेगळा सांगाडा उभा करून, मध्ये हातभर हवा खेळेल अशी जागा ठेवून घाला. उष्णता आणि आवाज दोन्ही कमी होतात, वानरांचा प्रश्न मिटतो. पण तो सांगाडा खाली भिंतीत नीट बांधलेला हवा, नुसता कौलांवर बसवलेला नको. वारा पत्र्याला ढकलत नाही, वर ओढतो, आणि सगळ्यात जोर कडांना आणि आढ्यापाशी असतो. तिथे स्क्रू जवळजवळ हवेत. स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर मारायचे, खळग्यात नाही, आणि खाली रबरी वायसर चांगल्या प्रतीचा. वायसर सुकून तडकला की तेच भोक गळायला लागतं. वीस वर्षं बघायला नको हे तुमच्या चुलतभावाला कोणी सांगितलं, त्याचा नंबर मला द्या :)

पाच दिवसांत हे होणार नाही. या वर्षी कौलं परता.

---

लामणदिवा | ४ मे, दुपारी १:३०

मी गोव्यातल्या फोंड्याची. छपरावर बरीच चर्चा झाली, मी भिंतीबद्दल लिहिते.

चिरा पाणी पितो. पिऊन परत सोडतोही, फक्त त्याला सोडू द्यायला हवं. आमच्या घराला पिढ्यान्‌पिढ्या चुना लावत आलो होतो. मग हौसेनं बाहेरून चकचकीत प्लास्टिक रंग काढला. दोन पावसाळे दिसायला सुरेख होता. तिसऱ्या वर्षी रंगाला फुगे आले, फोडले तर आत पाणी. कौलाच्या कडेनं, जोत्यातून कुठून तरी भिंतीत शिरलेलं पाणी बाहेर पडायला वाटच नाही. सगळा रंग खरवडून परत चुन्यावर आलो. आता मे महिन्यात दोन हात चुना. मुलं कंटाळतात, पण करतात.

उघडा चिरा असेल तर दगडापेक्षा दर्जा, म्हणजे दोन दगडांमधले सांधे, बघा. दर्जातली माती निघाली असेल तर तिथे मुंग्या आणि पाणी दोघांनाही रस्ता. आणि आमच्याकडे पावसाच्या झडीच्या बाजूला माडाची झापं विणून भिंतीला उभी करायचे. आता निळी ताडपत्री आलीय. काम तेच करते, पण सप्टेंबरपर्यंत घर इस्पितळात ठेवल्यासारखं दिसतं.

जुन्या खिडक्यांना शिंपल्यांची तावदानं आहेत. ती मात्र अजून मीच साफ करते, कोणाला हात लावू देत नाही.

---

चाळकरी_चौथा_मजला | ४ मे, संध्या. ७:१०

तुमचं बरं आहे, छप्पर तुमचं, निर्णय तुमचा. आमच्या मुंबईच्या सोसायटीत गच्ची गळते हे ठरवायलाच तीन सभा झाल्या. वरच्या मजल्यावरचे सोडून बाकी सगळ्यांच्या मते ती गळत नाही.

उपयोगी पडेल म्हणून लिहितो. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (नियमावलीप्रमाणे) गच्चीतून येणारी, पावसाच्या पाण्याची आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती सोसायटीच्या खर्चानं दुरुस्त व्हायची. न्हाणीघर, संडास, मोरी यांची आतली गळती ज्याची त्यानं. त्यामुळे वरच्यांशी भांडण्याआधी पाणी कोणतं ते ओळखा. बारा महिने ओल असेल तर बहुधा नळ किंवा सांडपाणी. पावसानंतर दिवस-दोन दिवसांनी वाढत असेल तर गच्ची किंवा बाहेरची भिंत.

आणि इमारत तीस वर्षांपुढची असेल तर स्ट्रक्चरल ऑडिट कायद्यानंच करावं लागतं. स्लॅबचा पोपडा पडून सळी दिसत असेल तर नुसता गिलावा करून घेऊ नका. गंजलेली सळी फुगते आणि नवा गिलावाही ढकलून देते. आमच्याकडे हे तीनदा करून झालंय, प्रत्येक वेळी वेगळा कंत्राटदार, निकाल तोच.

---

चुनखडी | ४ मे, रात्री ८:००

अगदी बरोबर. गच्चीसाठी एक भर घालतो. जलरोधनाचं काम झाल्यावर पैसे चुकते करण्याआधी पाणी साठवून बघा. पाइपांची तोंडं बोळे घालून बंद, दोन इंच पाणी, ४८ तास. खालच्या छताला डाग आला नाही तरच पास. हे मार्चात करा, मे महिन्यात गच्ची भरायला पाणी कुठून आणणार? कठड्याच्या आणि गच्चीच्या कोपऱ्यात काटकोन नको, गोलसर भराव (वाटा) हवा. आणि पाणी वाहून नेणाऱ्या तोंडाला जाळी. एक प्लास्टिकची पिशवी अडकली तर गच्चीचा तलाव होतो.

---

ढेकूळ | ५ मे, सकाळी ६:३०

लातूरकडचा आहे. आमच्याकडे पाऊस तुमच्या पाव हिश्श्याचा, तरी घर राखायचं काम होतंच.

आमचं जुनं घर धाब्याचं. लाकडी तुळया, वर फळ्या-काटक्या आणि त्यावर पांढरी माती. मृग लागायच्या आत आई आणि चुलत्या गावाच्या पांढरीतून माती आणायच्या, वर पसरायच्या, पाणी शिंपडून धोपटायच्या. भेगा बुजल्या की घर गळत नसे. उन्हाळ्यात इतकं गार की दुपारी पंखा नको. ती माती दर वर्षी वाढायची, कमी कुणी करत नसे. पन्नास-साठ वर्षांत तिचा थर किती झाला हे कोणी मोजलं नाही.

३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. गणपती बुडवून लोक झोपलेले. मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि त्यावर ते वजन. आमचं गाव जरा लांब होतं, आमची एक भिंत गेली, माणसं वाचली. पुढच्या वर्षी वडिलांनी सगळी माती उतरवली. बैलगाड्या मोजल्या होत्या त्यांनी, आकडा कधी सांगितला नाही. मग पत्रे आले. उन्हाळ्यात भाजून निघतो, पण आई कधी कुरकुर करत नाही.

तेव्हा चुनखडी साहेबांनी वजनाचं लिहिलंय ते मनावर घ्या. माती असो, कौल असो, गच्चीवर कोब्यावर कोबा चढवणं असो. नवा थर देताना जुना काढा.

---

पडवीकर | ५ मे, सकाळी ८:४५

ढेकूळ, काय बोलू. आईला वाचून दाखवलं.

---

उन्हाचा_तडाखा | ५ मे, दुपारी २:००

राजेहो, नागपुरात ४५ अंशात बसून तुमचा पावसाचा धागा वाचायला मजा येऊन राहिली. आमच्याकडे कौल नाही, कवेलू. आणि ते परतत नाही, फेरतात.

माझी एकच सूचना, कूलर. पाऊस लागला की लोक जसाच्या तसा कोपऱ्यात ढकलतात, टाकीत तळाशी पाणी राहते, मग डासांचा कारखाना. टाकी कोरडी करा, ताट्या उन्हात वाळवा, पंपाला कपडा गुंडाळून ठेवा. घाण झालेल्या वाळ्याच्या ताट्या जपून ठेवू नका, पुढच्या वर्षी वाळ्याचा नाही, कुबट वास येते.

---

बर्फातला_मराठी | ५ मे, संध्या. ६:२०

न्यू जर्सी. आमची आगोट ऑक्टोबरात असते. पानगळ झाली की पन्हळीतली पानं काढायची, नाहीतर त्यात पाणी गोठून बर्फाचा बांध होतो आणि मागचं पाणी छपराखाली शिरतं. अंगणातल्या नळाचं पाणी आतून बंद करून पाइप रिकामा करायचा, गोठला तर फुटतो. शिडीवर चढून पानं काढताना दर वर्षी आठवतं की गावाला असताना याच कामासाठी बाबांनी हाक मारली की मी पळून जायचो.

---

वानरसेना_नको | ५ मे, संध्या. ६:४५

दहाव्या-बाराव्या प्रतिसादापर्यंत अमेरिका येणार हे माहीत होतं :) पण पन्हळीचा मुद्दा इथेही लागू. आमच्या पन्हळीत आंब्याची पानं आणि वानरांनी टाकलेल्या कोयी.

---

सुईदोरा | ६ मे, दुपारी ३:१५

विहिरीचं कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. मी आरोग्य खात्यात होते, निवृत्त झाले.

पहिल्या पावसात सगळ्या आवारातला कचरा विहिरीकडे धावतो. कठडा फुटला असेल तर तो आधी बांधा. आणि पाणी आलं की टीसीएल (ब्लीचिंग) पावडर. लोक मूठभर वरून टाकतात, ती तळाशी जाऊन बसते. हिशोब असा: हजार लिटरला अडीच ग्रॅम. गोल विहिरीचा व्यास आणि पाण्याची खोली मीटरमध्ये मोजा. व्यास गुणिले व्यास गुणिले खोली गुणिले ७८५, इतके लिटर पाणी. तीन मीटर व्यास आणि चार मीटर पाणी असेल तर साधारण २८ हजार लिटर, म्हणजे ७० ग्रॅम.

पावडर बादलीत थोड्या पाण्यात कालवा, मग बादली पाऊण भरा, दहा मिनिटं चुना खाली बसू द्या. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घ्या, ती दोरीनं विहिरीत सोडा आणि खालीवर करून ढवळा. खालचा चुना विहिरीत टाकायचा नाही. त्यानंतर किमान एक तास पाणी उपसू नका. रात्री केलंत तर सगळ्यात बरं. गणपतीला गेलात की परत एकदा. पावडरीचं पाकीट उघडं राहिलं की तिची ताकद जाते, गेल्या वर्षीचं उरलेलं वापरू नका.

आणि बंद घराचं: गाद्या भिंतीला टेकवून उभ्या, कपाटांची दारं किलकिली, मेन स्विच बंद, किल्ली शेजारी. श्रावणात ऊन पडलं की दोन तास खिडक्या उघडायला सांगा. त्यांच्यासाठी जाताना काहीतरी घेऊन जा, नुसता फोन करून सांगू नका.

---

चाळकरी_चौथा_मजला | ६ मे, रात्री ९:३०

फुगलेल्या दारांवर काही उपाय? जुलैत आमचं न्हाणीघराचं दार लागत नाही, रंधा मारून घेतला तर जानेवारीत बोटभर फट.

---

चुनखडी | ६ मे, रात्री १०:०५

पावसात रंधा मारायचाच नाही. तात्पुरतं मेणबत्ती किंवा साबण घासा. मेमध्ये दार कोरडं असताना बिजागऱ्यांतून काढा आणि वरची-खालची कड बघा. तिथे रंग कधीच लागलेला नसतो, कारण रंगाऱ्याला ती दिसत नाही. पाणी तिथूनच पितं. दोन हात ऑइलपेंट द्या.

बरं, विजेचं राहिलं. तुमच्या डब्यात आरसीसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा खटका) असेल तर त्यावरचं 'टी' बटण दाबून बघा. खटका पडला पाहिजे. नाही पडला तर पावसाआधी वायरमन बोलवा. ३० मिलिअँपिअरचा असेल तर तो माणूस वाचवण्यासाठी आहे, शोभेला नाही. अर्थिंगच्या खड्ड्यात मे महिन्यात बादलीभर पाणी ओता.

---

पडवीकर | २१ मे, रात्री ११:००

परत आलो. हातांना फोड, पाठ गेली, पण सांगतो.

पहिल्या दुपारी अंधार करून बसलो. आई, मी आणि पुतण्या. सतरा ठिपके. पुतण्यानं खडूनं आकडे घातले. पलंगाच्या वर एकही नाही! मग पाइप. आढ्यापाशी पोहोचल्यावर तिसऱ्या मिनिटाला आतून ओरडा, कोन्याखालून पाणी वाशावर, वाशावरून सरळ पलंगाच्या दिशेनं. चुनखडी काका, पैज जिंकलात.

सुतारकाका वर चढले नाहीत. खुर्ची टाकून अंगणात बसले आणि मला चढवलं. शिडी कौलांवर आडवी टाकून, तिच्यावरच पाय ठेवून. वाशाची ओळ सोडून पाय पडला की खालून शिव्या. मी चोवीस कौलं बदलली, त्यातली अर्धी तरी माझ्याच पायानं फुटलेली. आढ्याचे नऊ कोने उतरवून परत बसवले. एका वाशात स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत गेला, तो बदलला. चर काढला. सुईदोरा ताई, विहीर मोजली, कठड्याला एक जागी खिंडार होतं ते बुजवलं. शेजारच्या काकूंना दोन किलो साखर आणि चहापूड दिली.

पत्रा या वर्षी नाही.

---

चुनखडी | २२ मे, सकाळी ७:१०

शाब्बास. नवा मसाला आठवडाभर भिजता ठेवायला सांगितलंत ना कोणाला?

---

पडवीकर | २२ मे, सकाळी ७:३०

... काकूंना फोन करतो.

---

पडवीकर | २ जुलै, रात्री ९:५०

धागा वर काढतोय. काकूंनी फोटो पाठवलेत. तीन दिवस झड लागली होती. माजघर कोरडं, पलंग कोरडा. मागच्या न्हाणीघरात चुलीच्या बाजूला एक धार आहे, तिथे ठिपका नव्हता आणि पाइपही पोहोचला नव्हता. काकूंनी खाली घमेलं ठेवलंय.

वानर आले होते. पुढच्या पडवीची सात कौलं. जादाची रचून ठेवलेली शंभर शाबूत होती, त्यातलीच सात सुतारकाकांनी आपल्या नातवाला चढवून बसवली. पोरगा बारावीला आहे, म्हणतात, हात चांगला आहे त्याचा. गणपतीत भेटतो त्याला.